मानेवरची सावली

पिरनवाडीचे भरमू आप्पा म्हणजे ताठ पाठीचा माणूस. चाळीस वर्षं बेळगावच्या बाजारात एका जिन्याखाली बसून छत्र्या दुरुस्त केल्या, तरी त्यांच्या पाठीला बाक आला नाही आणि स्वभावालाही. दुरुस्त झालेली छत्री ते कधी तशीच हातात देत नसत. आधी ती उघडून उन्हात धरायची, एक डोळा मिटून कापडातून उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं, मगच द्यायची. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, त्याला थांबावं लागे. अशा माणसाच्या घरातच उन्हानं वैर धरावं, याला काय म्हणायचं?

त्यांच्या बायकोच्या, अंबुबाईंच्या, तोंडावर आणि मानेवर गेल्या वर्षी लाल चट्टे उठले. ताप आला, कातडी सोलून निघाली. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं उन्हानं चाळवतं, शेतात जाणं बंद. गावामागं यांचं वीस गुंठे रान आहे. शेजारच्या जमिनीत प्लॉटचे दगड रोवले गेलेत, पण आप्पांच्या रानात अजून विहिरीच्या पाण्यावर मिरची उभी असते. अंबुबाई भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बसल्या की बाकीच्या बायकांच्या पाती मागं पडायच्या. पात म्हणजे जिच्या तिच्या वाट्याची ओळ. आता त्या घरात बसून राहिल्या.

मुलगा युवराज उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "आई, रान दुसऱ्याला करायला देऊन टाकूया. कशाला जिवाला ताप?" पोरगं चांगल्या मनानंच म्हणालं. पण एरवी चार घरांना ऐकू जाईल असं बोलणाऱ्या अंबुबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. आप्पांनी हाय खाल्ली ती या गप्प बसण्याची.

छत्री घेऊन भांगलण होत नाही. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातानं तण उपटायचं, तिसरा हात कुठून आणणार? साडीचा पदर आणि टॉवेल घाम आला की मानेवरून सरकतात. शेवटी आप्पांनी बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली हिरवी टोपी खुंटीवरून काढली आणि एक तीन घडीची मोडकी छत्री समोर घेतली. चार दिवस खटपट करून त्यांनी टोपीला बटणांनी लावायचा एक पडदा तयार केला. दोरी ओढली की काड्या उलगडून कापड हातभर पुढं यायचं, सोडली की घडी होऊन मागं जायचं. अंगणात भर दुपारी उभं राहून त्यांनी तो डोक्यावर चढवला. हनुवटीपर्यंत सावली. स्वारी खूश.

टोपी घेऊन दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "मलम लावून, लांब बाह्यांचं घालून, सकाळी दहापर्यंत आठ दिवस जाऊन बघा," ते म्हणाले. "चट्टे पुन्हा उठले तर मात्र रानाचं नाव काढायचं नाही."

पहिल्याच दिवशी अंबुबाई घरी आल्या तेव्हा तोंड होतं तसं होतं. चट्टे उठले नव्हते, पण मान लालबुंद झाली होती. युवराज म्हणाला, "बास झालं आता, आप्पा."

आप्पांना काही कळेना. अंबुबाईच म्हणाल्या, "अवो, तुमी उभं ऱ्हाऊन बघितलासा. भांगलताना तोंड मातीत असतंय. ऊन पडतंय ते मानंवर."

चाळीस वर्षं आप्पांनी छत्र्या केल्या त्या चालणाऱ्या माणसांसाठी. वाकलेलं माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हतं. बायकोचं निम्मं आयुष्य आपण बघितलंच नाही, हे त्यांना फार लागलं. मान बरी होईपर्यंत अंबुबाईंना घरात बसवून त्यांनी युवराजकडून आणखी एकच संधी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आप्पा पडदा मानेवर येईल अशी टोपी उलटी घालून, खुरपं घेऊन बायकांच्या रांगेत जाऊन बसले. आमच्याकडं भांगलण हे बाईमाणसाचं काम. पुरुष बांधावर उभा राहून मिशीला पीळ देणार. रस्त्यानं जाणाऱ्या मारुतीरावांनी सायकल थांबवली. "आप्पा, लुगडं आणून देऊ काय?"

"आण की," आप्पा खाली बघूनच म्हणाले, "हिरवं आण."

दर अर्ध्या तासानं ते शेजारणीला खडू द्यायचे आणि ऊन जिथपर्यंत पोचलंय तिथं शर्टावर रेघ मारायला सांगायचे. दहा वाजता त्यांना उठता येईना, दोघींनी धरून उठवलं. घरी आल्यावर अंबुबाईंनी तो शर्ट पाटावर पसरला आणि रेघांवरून बोट फिरवत सगळं वाचून काढलं. कोवळं ऊन तिरपं, तेव्हा पडदा लांब हवा. चढलं की आखूड चालतो. पात संपवून माणूस उलट फिरलं की ऊनही दुसऱ्या कानावर जातं.

"म्हंजे ह्यो फिरायला पायजे," आप्पा म्हणाले.

"व्हय. आणि दोरी डाव्या अंगाला लावा. उजव्या हातात खुरपं असतंय माझ्या."

मग टोपीभोवती तारेची कडी आली. तिच्यावर पडदा मागं, डावीकडं, उजवीकडं सरकू लागला. मान निवल्यावर अंबुबाई पुन्हा रानात गेल्या. आप्पा रोज बांधावर बसायचे. आपली टोपी कशी चाललीय ते बायकोनं एकदा तरी वर बघून सांगावं, अशी त्यांची आशा. ती बया मान वर करेल तर शपथ. पात संपली की डावा हात नुसता वर जायचा, पडदा फिरायचा, आणि खुरपं पुढं चालू. तिला टोपीची आठवणसुद्धा राहिली नाही हे ध्यानात आलं, तेव्हा आप्पांचा ऊर भरून आला.

आठव्या दिवशी रानातून आल्यावर अंबुबाई हातपाय धुऊन दारात बसल्या आणि त्यांनी पदर बाजूला केला. युवराज शेजारी येऊन उभा राहिला. आप्पांनी बायकोची मान उजेडाकडं वळवली, एक डोळा मिटला आणि बघत राहिले.

"किती येळ बघताय?" अंबुबाई म्हणाल्या. "मान अवघडली माझी."

"थांब गं. ठिपका हाय काय बघतोय."

"मग, हाय?"

आप्पांनी मान आणखी उजेडाकडं वळवली. युवराजच खाली वाकून नीट बघत म्हणाला, "न्हाय, आई. एकबी न्हाय."

अंबुबाईंनी पदर सारखा केला. "मग उद्या येळेत उठीव मला," त्या म्हणाल्या. "दोन पाती राहिल्यात."