चौथ्या श्वापदाला चाल नाही

मिल्काबाई नवगावकरांना वडिलांचं कीर्तन सगळं पाठ होतं, पण फक्त शेवटाकडून.

बाबा कीर्तनाला उभे राहिले की दहा वर्षांची मिल्का त्यांच्या मागे उभी राहून झील धरायची. म्हणजे बाबांनी ओळ म्हणायची आणि तिनं ओळीचा शेवट उचलून पुन्हा गायचा. ओळीची सुरुवात बाबांची, शेवट तिचा. बाबांनी कागदावर कधी काही उतरवलं नाही. लिहून ठेवलं की कीर्तन बसून राहतं म्हणायचे. त्यांना जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. आणि सदुसष्टाव्या वर्षी, नेरूळच्या दोन खोल्यांच्या घरात, दुपारची भांडी आवरून मिल्काबाई त्या शेवटांना सुरुवाती जोडत बसल्या होत्या.

मिल्काबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. त्यांचे पूर्वज गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. शेजाऱ्यांचं बघून या मंडळींनीही कीर्तन उचललं. पेटी तीच, टाळ तेच, साकी-दिंडी ही वृत्तंही तीच. कथा तेवढी अब्राहामाची, योसेफाची. बाबांची हातखंडा कथा होती दानीएल संदेष्ट्याच्या स्वप्नाची. चारी दिशांचे वारे समुद्रावर तुटून पडतात आणि त्यातून चार श्वापदं वर येतात. चार श्वापदं म्हणजे चार साम्राज्यं.

यंदा हनुका या दिव्यांच्या सणातल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ही कथा व्हावी, असं त्यांच्या भाच्यानं, सिमसननं ठरवलं होतं. बायकांनी कीर्तनाला पुढे उभं राहायची पद्धत त्यांच्याकडे फारशी नव्हतीच. पण ही कथा गाऊ शकेल असं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आता त्यांच्याकडून ती पुरी झाली नाही, तर ती कायमचीच गेली.

पेटीला होते समोरच्या बिल्डिंगमधले हौसेराव. साताऱ्याकडचे, तीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिल्या, आता भजनी मंडळात पेटी वाजवतात.

सिंहाची साकी आठ दिवसांत उभी राहिली.

"सिंह निघाला सागरातुनी, गरुडपंख ते त्याला ।
पंख उपटिले, उभा राहिला, हृदय मानवी ज्याला ॥"

"ह्यो कोन म्हनायचा?" हौसेरावांनी विचारलं.

"बाबेल, म्हणजे बॅबिलोन. राजानं भिंती अशा बांधल्या की वरून रथ पळायचे. आणि तो राजा वेडा होऊन बैलासारखा गवत खात हिंडला. मग कुठे माणसात आला."

हौसेराव भाता दाबायचे थांबले. "एवढा मोठा राजा, आन् दोन वळीत आटपला?"

"दोनच."

अस्वलापाशी मिल्काबाई अडल्या. शेवट आठवत होता, 'एका कुशीवर कलले'. पण अस्वल एका बाजूनं उचललेलं का, हे काही केल्या डोळ्यासमोर येईना. अर्थाच्या पुस्तकात लिहिलं होतं की मेदी आणि पारसी अशी ती इराणकडची दोन राज्यं होती. ते नुसतं वाचून काय गाणार?

"ताई, ह्ये अस्वल म्या बघितलंय," हौसेराव म्हणाले.

"कुठे?"

"आरशात. रोज सकाळी." ते उठून उभे राहिले. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर होता. "दोघांनी मिळून वजन उचललं तरी भार एकावरच येतो. त्यो मग असा होतो."

मिल्काबाईंनी तो खांदा नीट पाहिला. दोन राज्यांनी मिळून एक ओझं उचललं आणि एक खांदा वर गेला. हजारो वर्षांपूर्वी बाबेलमध्ये बसून कुणीतरी हे पाहिलं होतं. त्याच दिवशी अस्वलाची साकी पुरी झाली.

चित्त्याला चार पंख, चार डोकी. पंख म्हणजे सिकंदराचा वेग आणि डोकी म्हणजे त्याच्या मागे राज्य वाटून घेणारे चार सरदार. ही साकी गाता गाता एका दुपारी मिल्काबाई मध्येच थांबल्या. त्या चारांतल्या एका डोक्याच्या वंशातला राजा यरुशलेमेच्या, म्हणजे जेरुसलेमच्या, देवळात शिरला आणि त्यानं ते बाटवलं. त्याच्याच धाकानं आपले पूर्वज गलबतात बसून निघाले आणि नवगावच्या खडकांवर गलबत फुटलं, असं घरात सांगत आलेले. सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. म्हणजे ज्या समुद्रातून श्वापदं निघाली, त्याच समुद्रातून ही चौदा माणसंही भिजलेल्या कपड्यांनी वर आली होती. श्वापदं गेली. चौदांच्या वंशातली एक इथे बसून चणाडाळ निवडत होती.

आणि चौथं?

चौथ्याला नावच नाही. ना सिंह, ना अस्वल. लोखंडाचे दात, पितळेची नखं, दहा शिंगं. खाऊन उरेल ते पायांखाली तुडवणारं. मिल्काबाईंनी डोकं खाजवून पाहिलं, पण त्या जागी एकही शेवट आठवेना. तिथे झील नव्हतीच.

सिमसन आला तो मोबाइल पुढे करत. "आत्या, टेन्शन कशाला घेतेस? हे बघ, चार्टच आहे. चौथ्यावर आजच्या एका देशाचा झेंडा लावलाय. हे सांग, पोरं मोबाइल ठेवून ऐकतील."

"कुठला झेंडा?"

"चार व्हिडिओत चार आहेत. तू ठरव ना."

"मी? मला सोसायटीचा सेक्रेटरी ठरवता येत नाही."

"मग रोम म्हण आणि मोकळी हो."

रोम म्हणता आलं असतं. जाणते तेच म्हणतात. पण मग बाबांनी रोमाची साकी का नाही केली? ते विचारायला त्या बाबांची कीर्तनं ऐकलेल्या साराबाई चेऊलकरांकडे गेल्या. साराबाई सत्त्याण्णव वर्षांच्या; कानाशी ओरडून बोलावं लागायचं, आठवण मात्र शाबूत.

"केली होती की," साराबाई म्हणाल्या. "लढाईच्या वर्षी. तुझा बाप पोरगेलासा. उभा राहून म्हणाला, चौथं श्वापद म्हणजे जर्मनीचं राज्य. काय गायला! बायका रडल्या. तीन वर्षांत ते राज्य मातीत गेलं. मग म्हणाला, चौथं म्हणजे इंग्रज. नवी साकी केली, इंग्रजाच्या टोपीसकट. इंग्रज बोटीत बसून निघून गेला."

"आणि मग?"

"मग उभा राहिला तो चौथ्यापाशी गप्पच. मी मागाहून विचारलं, काय रे, चौथ्याची साकी विसरलास? तर म्हणाला, साराबाई, मी ज्याचं नाव घेतो ते मरतं आणि दुसरं उभं राहतं. दानीएलालासुद्धा नाव सांगितलं नाही, आणि मी कोण शहाणा लागून गेलो?"

रविवारी हॉल भरला. पुढे खुर्च्यांवर त्यांची माणसं, मागे सतरंजीवर शेजारपाजार. निळ्या काठाची साडी नेसून मिल्काबाई उभ्या राहिल्या. सिंह झाला, अस्वल झालं, चित्ता झाला. प्रत्येकाला दोन ओळी आणि वर उलगडा. प्रत्येक वेळी एक अख्खं साम्राज्य हॉलच्या ट्यूबलाइटखाली उभं राहायचं आणि टाळाच्या एका ठोक्यावर खाली बसायचं.

मग त्या थांबल्या. सिमसन पुढच्या रांगेतून ओठांनीच 'रोम, रोम' करत होता.

"चौथ्याला चाल नाही," मिल्काबाई साध्या बोलीत म्हणाल्या. "लोखंडाचे दात, दहा शिंगं. जाणते म्हणतात रोम. त्यानं आपलं देऊळ जाळलं, ते खरंच आहे. माझे वडील म्हणाले जर्मनी. मग म्हणाले इंग्रज. आज कुणी दुसरं नाव घेतं, उद्या तिसरं घेईल. मी घेणार नाही. मला ठाऊक नाही. एवढंच लिहिलंय, की ते भयंकर होतं, आणि त्याच्याकडे बघत असताना आसनं मांडली गेली."

हौसेरावांनी एकच स्वर धरून ठेवला होता. हॉलमध्ये फक्त तो स्वर आणि भात्याची ये-जा.

"आणि न्याय करायला पुराणपुरुष बसला," मिल्काबाई म्हणाल्या. "वस्त्र बर्फासारखं पांढरं. केस लोकरीसारखे. समोर लाखो उभे. आणि हिशेबाच्या वह्या उघडल्या."

पुढच्या रांगेत साराबाईंनी देवापुढे घेतात तसा पदर डोक्यावर ओढला. त्यांना ऐकू आलं असेल की नाही, कोण जाणे. शेजारच्या बाईनंही घेतला. मग दुसऱ्या रांगेतून, मग सतरंजीवरूनही, जिनं पुराणपुरुषाचं नाव कधी ऐकलं नव्हतं तिनंसुद्धा, एकेक पदर, एकेक ओढणी वर गेली. ज्यांच्याकडे टोपी नव्हती त्या पुरुषांनी रुमाल काढले. सिमसननं मोबाइल खिशात घातला आणि डोक्यावर नुसता तळहात ठेवला.

मिल्काबाईंनी स्वतःचा पदर सारखा केला आणि पुढची ओळ घेतली.