न शिवलेली गोष्ट घेऊन गगनबावड्याला

पुठ्ठ्याची पेटी मी केली. मैद्याची खळ मी शिजवली, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. भंगारात निघालेलं पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन दुरुस्त केलं, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, झाकणावरचा ठसा लिनोलियमच्या तुकड्यावर कोरला. आतली गोष्टही माझीच. यातलं काहीच कुणाकडे शिकायला गेलो नाही.

पेटीत सुटी पानं आहेत. सासर सोडणाऱ्या वत्सलाबद्दल प्रत्येक पानावर गावातलं एक माणूस बोलतं. पानांना आकडे नाहीत. वाचणाऱ्यानं हवी तशी लावावीत. पुण्याच्या एका प्रकाशकांना गोष्ट आवडली, पण आकडे घालून, शिवून हवी होती. "लोकांना असलं झेपत नाही," म्हणाले. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, लोकांनाच विचारू. गगनबावड्याच्या मालनताई घरच्या ओसरीवर वाचनालय चालवतात. त्यांनी रविवारी बोलावलं. तिथं माणसं गोंधळली तर आकडे घालायचे, असं ठरवून कोल्हापुरातून दुचाकी काढली.

अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर. तीनशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं. वाटेत कळे गावात मिसळ खाऊन घ्या, पुढं हॉटेलं विरळ होतात. साळवणनंतर धुकं लागलं. जानेवारीत जाणार असाल तर कानटोपी हवीच. पेटी मी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधली होती. ओल लागली की पान वाकतं.

ओसरीवर दहा-बारा माणसं जमली होती. दूध डेअरीवरच्या आण्णांनी पेटी उघडली.

"पावणं, नंबर टाकायचं इसरलासा व्हय?"

"मुद्दाम नाही टाकले."

"काम वाचवलंसा की."

सगळे हसले. मला लागलं. म्हणालो, "आकडे घालायला एक दुपार पुरते. न घालता चालावं म्हणून दोन वर्षं लिहिलंय."

आण्णांनी पत्त्यांसारखी पानं पिसून वाटली. बसल्या क्रमानं एकेकानं वाचलं. शेवटी आलं ते कंडक्टरचं पान: वत्सला पिशवी घेऊन स्टँडवर उभी आहे. माणसं हातातली पानं उलटीपालटी करून बघू लागली. माझ्या मनात आकडे घालून झाले होते.

मालनताईंच्या सासूबाई, आक्का, खांबाला टेकून ऐकत होत्या. "आशी कशी जाईल? परत पिसा."

दुसऱ्यांदा कंडक्टरचं पान मध्येच आलं, आणि त्याच्यामागून शेजारणीचं, वत्सलानं चूल पेटवल्याचं.

"आली की गं ती," आक्का म्हणाल्या.

"आक्का, पान त्येच हाय," आण्णा म्हणाले.

"आसंना. मगाशी जायला हुबी हुती. आता उतरलीया."

मग वाद जुंपला. नाचणीची भाकरी आणि पिठलं ताटात निवत राहिलं आणि तिसऱ्यांदा पानं पिसली गेली. आण्णांचं म्हणणं, ती कुठं गेलीच नव्हती, कुणाला तरी पोचवायला आली होती. आकड्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी निघताना आण्णांनीच पानं गोळा केली. "कशीबी ठिवली तर चालतंय न्हवं?"

"चालतंय."

घरी येऊन पेटी उघडली तर कंडक्टरच्या पानावर पिठल्याचा पिवळा डाग. एरवी असं पान मी फाडून नव्यानं छापतो. हे तसंच ठेवलं.

सोमवारी पुण्याला फोन लावून नाही म्हणालो. त्यांनी देऊ केलं होतं ते असं: आकडे घालून, शिवून, हजार प्रती. मला एकरकमी पंच्याहत्तर हजार रुपये.