फोटोपुढे वाचलेली प्रुफं

नाना गेल्याचं मला माधवनगरच्या नाक्यावर कळलं. सायकल हातात धरून तसाच उभा राहिलो… आष्ट्याच्या इतिहासाची अर्धी पानं अजून जुळवायची होती आणि हा माणूस न सांगता निघून गेला! खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला.

सांगलीच्या नानांच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो. तिथून गावांचे इतिहास आणि आसपासच्या माणसांची चरित्रं निघत. दुसरं कुणी छापलीच नसती. नानांचा एक हट्ट असे. गेलेल्या माणसाचं चरित्र छापण्याआधी त्याच्या घरी जायचं आणि त्याच्या फोटोपुढे बसून प्रुफं मोठ्यानं वाचायची. "ज्याचं आयुष्य, त्यानं ऐकायला नको?" म्हणायचे. "आणि दुरुस्त्या कोण सांगणार, फोटो?" मी चेष्टा करायचो. ते नुसते हसायचे.

साताऱ्याकडच्या खंडाळ्याला माझी चेष्टा जिरली. लढाईत गेलेल्या एका सुभेदारांचं चरित्र होतं. भर दुपार. शेजारी त्यांच्या पत्नी, अनसूयाबाई. 'गोळी लागताच ते जागीच गेले' या ओळीवर नाना अडले. बराच वेळ फोटोकडे बघत राहिले… मग पेन्सिलीनं ओळ खोडली. "जागीच नाही. उजाडेपर्यंत होते. पाणी मागत होते."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "आवं, कुणी सांगितलं तुमास्नी?" नाना पुढची ओळ वाचू लागले. परतताना एसटीत मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "खिडकी लाव, धूळ येतेय."

पुस्तक निघालं, पण बाईंच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. अधूनमधून त्या सांगलीला यायच्या आणि एकच विचारायच्या, "त्यास्नी पाणी मिळालं का?" नाना मान खाली घालायचे. "तेवढं ऐकू आलं नाही, बाई." मला त्या दोघांचीही भीती वाटायची आणि कीवही यायची.

परवा बाई पुन्हा आल्या. नाना गेल्याचं त्यांना कळलं होतं. माझ्याकडे न बघता त्या थेट नानांच्या रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन बसल्या. "आवं नाना, आता तुमीबी तिकडंच हायसा. तेवढं इचारून सांगा."

वीज गेलेली, यंत्र बंद. मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही, देवाशपथ. बाई मात्र ऐकत होत्या.

"व्हय?" त्या म्हणाल्या. जरा वेळानं, "कुणी पाजलं?" मग पुन्हा ऐकत राहिल्या… पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"वाईच पाणी द्या मलाबी."

मी तांब्या पुढे केला. बाईंनी तो घटाघटा रिकामा केला.