इथून पुढे नव्वद मिनिटं

आमच्या पार्कात हरवलेल्या वस्तूंचं एक कपाट आहे. त्यात डझनभर गॉगल, एकेकट्या चपला, एक साखरपुड्याची अंगठी आणि एक कवळी पडून आहे. अंगठीवाला का आला नाही ते मी समजू शकते. पण कवळीवाला? तो गेले पाच महिने जेवतोय कसा? किश्श्यांचंही तसंच होतं. माणसं येतात, काहीतरी अचाट बोलतात आणि निघून जातात. ते बोलणं माझ्याकडेच राहतं, परत न्यायला कुणी येत नाही. कपाट भरलं की दार लागत नाही, म्हणून आता थोडं वाटून टाकते.

मी तन्वी. अबूधाबीतल्या एका थीम पार्कात सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरच्या गेटवर उभी असते. पार्क बंदिस्त आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अख्खी यूएई आमच्या एसीत! माझं काम एकच, माणसांना रांगेत ठेवणं.

बाबांचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ट्रकच्या फिल्टरांचं दुकान आहे. "सायकॉलॉजीची डिग्री घेऊन लायनी लावतेस? त्यापेक्षा दुकानात ये, निदान बसायला खुर्ची मिळेल," हे ते दर शुक्रवारी म्हणतात. शेवटी तह झाला. सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यात नोकरी पक्की झाली तर बाबा गप्प बसणार. नाही झाली तर मी, खुर्ची आणि फिल्टर. आणि पार्कचा नियम असा, की प्रोबेशनमध्ये तीन लेखी तक्रारी आल्या की खलास!

मी अबूधाबीतच, अल रीम बेटावर, मावशीकडे राहते. हा नियम ऐकून ती म्हणाली, "तीनच? तुला दुपारपर्यंत पुरतील."

*

पहिली तक्रार ईदच्या सुट्टीत आली. गेटवरच्या बोर्डावर 'इथून पुढे १२० मिनिटं' असं झळकत होतं. नवाकोरा टी-शर्ट घातलेले एक गृहस्थ रांगेतून थेट माझ्याकडे आले.

"इतनी भीड क्यों है?"

"सर, छुट्टी है. सब आए हैं."

"तो सबको अंदर क्यों छोडा?"

आता यावर काय बोलणार? पण मी बोलले. "सर, बाकी सब भी आपके बारे में यही पूछ रहे हैं!"

मागचे वीसेक जण हसले. गृहस्थांनी फॉर्म मागितला.

माझी सुपरवायझर जोसलिन फिलिपिन्सची आहे. बारा वर्षं या धंद्यात आहे आणि तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकलेला नाही. तिने फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "तन्वी, यू आन्सर द गेस्ट. नॉट द क्वेश्चन."

तेव्हापासून मी जमेल तेवढी गप्प राहून नुसती बघते. माणूस रांगेत नक्की कितव्या मिनिटाला बिघडतो, हा माझा अभ्यासाचा विषय झालाय. साधारण विसाव्या मिनिटाला नवरा-बायको बोलायचं थांबतात. चाळिसाव्याला 'ही कल्पना कुणाची होती' यावर चौकशी बसते. साठाव्या मिनिटाला मात्र गंमत होते. एकमेकांना ढकलणारी अनोळखी माणसं अचानक मित्र होतात, कारण सगळ्यांना एक समान शत्रू सापडलेला असतो. मी!

*

उंचीची पट्टी हे आमच्याकडचं सर्वात पवित्र स्थान. ठरावीक उंचीखालच्या मुलाला तिकीट स्वस्त आणि ठरावीक उंचीवरच्यालाच कोस्टरवर प्रवेश. म्हणजे एकाच मुलाने सकाळी बुटकं असायचं आणि दुपारी उंच.

एक आई मुलाला घेऊन पट्टीपाशी आली. पुण्याच्या असाव्यात, दोन वाक्यांत तीनदा 'अगदी' म्हणाल्या. "अगदी बसतो हो तो मापात. घरी अगदी भिंतीवर, अगदी पट्टीने मोजलाय."

मी मुलाला पट्टीखाली उभं केलं. तो वर बघेना, खाली बघेना, आईकडे बघत राहिला. मग अगदी प्रामाणिकपणे त्याने विचारलं, "ममा, इज धिस द बेंडिंग वन ऑर द स्ट्रेचिंग वन?"

*

आमच्याकडे एक्सप्रेस पास नावाची चीज आहे. जास्त पैसे द्या, वेगळ्या रांगेतून झटकन जा. एका शनिवारी हा पास इतक्या जणांनी घेतला, की झटकन जायची रांग गेटाबाहेर वळली आणि साधी रांग निम्म्यावर आली.

एक्सप्रेसमध्ये एक बाई ताटकळत होत्या. गळ्यात पास, एसीतही चेहऱ्यावर घाम. मला दया आली. मी म्हटलं, "मॅम, साध्या रांगेत या. वीस मिनिटांत नंबर लागेल. इथे पन्नास लागतील."

त्यांनी साध्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "साडेतीनशे दिरहम भरलेत मी. म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर! आणि त्यांच्यात उभी राहू?"

राहिल्या पन्नास मिनिटं. साध्या रांगेतली माणसं राइड करून आली, पुन्हा रांगेत लागली, पुन्हा जाऊन आली. बाई प्रत्येक वेळी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघत होत्या. मला अजून कळलेलं नाही, त्यांनी पैसे नक्की कशाचे भरले होते?

*

दुसरी तक्रार मात्र आपल्याच माणसांची. एक काकू रांगेतून नवऱ्याला मराठीत सांगत होत्या, "बघितलंत? एवढीशी पोर, पण ऐट किती! दोरी काय हातात मिळाली, स्वतःला कलेक्टर समजतेय."

"काकू, दोरीच्या मागे उभ्या राहा," मी मराठीत म्हटलं.

मला वाटलं ओशाळतील. छे! त्यांचा चेहरा उजळला. "अगंबाई, मराठी! कुठली गं तू? आडनाव काय? आईचं माहेर कुठलं?" दीड मिनिटात माझं सगळं खानदान काढून झालं, आणि मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग सोड ना आम्हाला पुढे. आपल्यातलीच आहेस."

"काकू, तुमच्या पुढे ऐंशी जण आहेत. त्यातले तीस आपल्यातलेच आहेत."

फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'मराठी असूनही रांगेत उभं केलं.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही मोठी माणसं! नियम मोडायला ओळख लागते आणि ओळख निघाली नाही तर ती काढतात.

संध्याकाळी काकू पुन्हा गेटवर हजर. मला वाटलं, तक्रार मागे घ्यायला आल्या. तर त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. "तुझ्या आईचा नंबर दे. माझा भाचा दुबईत इंजिनिअर आहे, मुली बघतोय."

"काकू! तुम्ही दुपारी माझी कंप्लेंट केलीत!"

"अगं, ते तिथे," काकू म्हणाल्या, "आणि हे इथे!"

*

एकदा एक सूनबाई रडवेल्या होऊन आल्या. सासरे हरवले होते. नाशिकहून महिनाभरासाठी आलेले, फोन बंद, दोन तास पत्ता नाही. आम्ही अनाउन्समेंट केली, वॉशरूम बघितले, फूड कोर्ट पालथं घातलं.

सापडले कुठे? लहान मुलांच्या झुकझुक गाडीत! मोठ्यांना तिथे मुलासोबत बसता येतं. यांच्यासोबत कुणीच नव्हतं, पण रांग नव्हती, गादीची सीट होती, एसी होता. आजोबा बसले ते बसलेच. प्रत्येक फेरीला वेगळं मूल शेजारी आलं आणि प्रत्येक आईला वाटलं, हे पार्कचेच आहेत. एकीने तर बाळाची बाटलीही हातात देऊन ठेवली होती.

सूनबाई कुंपणाशी धावल्या. "बाबा! उतरा आधी! आम्ही वेड्यासारखे शोधतोय!"

आजोबांनी बाटली दुसऱ्या हातात घेतली आणि शांतपणे म्हणाले, "पुढचं स्टेशन येऊ दे."

*

आता शेवटचा. प्रोबेशनचे चार दिवस उरले होते, दोन तक्रारी खात्यावर होत्या आणि मोठा वीकेंड होता. बोर्डावर नव्वद मिनिटं.

रांगेत एक काका होते. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. घरची बाकी पाच माणसं फूड कोर्टात बसलेली आणि काका एकटे सगळ्यांची जागा धरून उभे. वीस मिनिटांनी त्यांनी खिशातून रुमाल काढला, व्यवस्थित घडी करून रेलिंगवर ठेवला आणि निघाले.

"काका, असं ठेवून जाता येत नाही."

"का? एसटीत ठेवतो की."

"एसटीची सीट जागेवर असते. ही रांग पुढे सरकते."

"मग रुमालही सरकेल. लोक चांगले असतात, बाळ." त्यांनी माझा बॅज वाचला. "तन्वी. ट्रेनी. म्हणजे अजून कायम झालेली दिसत नाहीस." इतक्या हळू म्हणाले, की माझा हात आपोआप बॅजवर गेला. "मी बारा वर्षं मुख्याध्यापक होतो. कुणाला कायम करायचं आणि कुणाला नाही, ते मला चांगलं कळतं."

आणि गेले!

मी रुमाल उचलणारच होते. तेवढ्यात रांग हलली. रुमालामागे काळा पायघोळ अबाया घातलेली एक बाई होती, तीन मुलांसह. ती थांबली, रुमालाकडे पाहिलं, मग दोन बोटांनी उचलून पुढच्या रेलिंगवर ठेवला. पुन्हा रांग हलली, पुन्हा ठेवला. पुढे तिच्या धाकट्याला वॉशरूमला जायचं झालं, तर निघताना तिने रुमाल मागच्या मल्याळी नर्सेसच्या हवाली केला. त्यांनीही तो तसाच पुढे नेला. मधे एक दांडगा तरुण बाजूने घुसायला लागला, तर एक नर्स रुमालाकडे बोट दाखवून ओरडली, "भैया, इधर कोई है!"

तो मागे झाला. एका रुमालाला बघून! सहा महिने मी घसा फोडून सांगतेय, तरी ही माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात. त्या रुमालाला कुणाचा धक्कासुद्धा लागला नाही. मी थक्क होऊन बघत राहिले, आणि बघता बघता रुमाल सगळ्यात पुढे, माझ्या गेटशी आला.

त्याच क्षणी काका आले. मागे काकू, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि पॉपकॉर्न. "बघ! सांगितलं नव्हतं? लोक चांगले असतात."

सहा जणांना सोडलं तर मागची रांग तक्रार करणार. अडवलं तर काका करणार. जोसलिन दहा पावलांवर उभी राहून बघत होती. जीभ चाव, तन्वी, जीभ चाव, असं मी स्वतःला सांगितलं.

"बरोबर आहे, काका," मी म्हटलं. "पण नंबर रुमालाचा लागलाय. उभा तो होता. तुम्ही पॉपकॉर्न खात होता."

नर्सेस खिदळल्या. थोरला नातू म्हणाला, "आजोबा, शी हॅज अ पॉइंट."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी रुमाल उचलला, खिशात ठेवला आणि वळले. ऑफिसात गेले, असं मला वाटलं. पण नाही. ते रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. मुलगा म्हणत होता, "बाबा, जाऊ द्या, घरी जाऊ."

"उभे राहा!" काका म्हणाले. सहाच्या सहा जण उभे राहिले. नव्वद मिनिटं. प्रत्येक वळणावर काका माझ्यासमोरून गेले आणि एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गेटशी आले तेव्हा मी विचारलं, "किती जण?"

"सहा. सगळे हजर."

राइडवरून उतरल्यावर, केस उभे असतानाच, काकांनी जोसलिनकडे फॉर्म मागितला. खिशाचं पेन काढून उभ्या-उभ्या दहा मिनिटं लिहीत होते. मला डोळ्यांसमोर दुकानातली खुर्ची दिसायला लागली. फॉर्म दिला आणि ते निघून गेले.

जोसलिनने कागद उलटासुलटा केला. "तन्वी, व्हॉट लँग्वेज इज धिस?"

"मराठी, मॅम."

तिने कॉम्प्युटरवर तक्रारीचं पान उघडलं आणि कागद माझ्याच हातात दिला. "रीड. वन लाइन, देन इंग्लिश. आय विल टाइप."

खोटं बोलता आलं असतं. तिला काय कळणार होतं? पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, नुसती बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली होती. मी एकेक ओळ वाचायला लागले, जशी होती तशी.

'प्रति, व्यवस्थापक साहेब. विषय: कु. तन्वी यांच्या वर्तनाबाबत. महोदय, सदर मुलगी अत्यंत उद्धट आहे.'

जोसलिनने टाइप केलं.

'वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, हे तिला कोणी शिकवलेले दिसत नाही.'

टाइप केलं.

'तिने मला माझ्या सुनेसमोर व नातवंडांसमोर रांगेच्या शेवटी पाठवले.'

तेही टाइप केलं. मग शेवटची ओळ आली. ती मी आधी मनात वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मग मोठ्याने.

'तरी सदर मुलीस त्वरित सेवेत कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.'