बुर्गलचं बाहेर

"तुज्याकडचं कुनी आत ग्येलंय का गं?"

सेवेरीननं दारातनंच विचारलं. बर्फ लोटायची गाडी तशीच धडधडत ठेवून तो आला होता. एरवी कॉफीसाठी यायचा तेव्हा आधी बूट झटकायचा.

"न्हाई बा. सगळ्यास्नी बाहेर धाडलंय," बुर्गल टोपलीतली उकडलेली अंडी कापडानं झाकत म्हणाली. "आन बूट झटक आदी. आत्ताच पुसलंया."

"निळी गाडी कुनाची? उत्तरंकडची पाटी हाय."

"ती हिनर्कची. काल आल्यात दोगं, नवरा-बायकू. का रं?"

"मी बाहेर येत हुतो तवा रस्त्यावरच्या छपराच्या अलीकडं भेटली. आत चाललीवती. तवा रस्ता उगडा हुता, म्या हात बी केला. पुलापाशी पोचलो आन वायरलेसवर हुकूम आला, आत बंद. दोन्ही फाटकं पाडली. आतल्या फाटकावरच्याला इचारलं, तर त्यो म्हनतोय निळी गाडी अजून आलीच न्हाई."

बुर्गलच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

"ती दोगं न्हवंत. त्यास्नी म्या सोता सांगितलं, बाहेर जावा."

"मग माजं डोळं फुटल्यात."

ग्रीसाउ गावाला स्कीची एकही लिफ्ट नाही. चर्च, डेअरी, पेट्रोलपंप आणि बुर्गलचं आठ खोल्यांचं घर, संपलं गाव. वरच्या गावांतले हॉटेलवाले तिला चिडवायचे, "स्कीवाल्यानं तुज्याकडं उतरून करायचं काय, गाई राखायच्या?" बुर्गल ऐकून घेणारी नव्हती. "तुमच्याकडं योक डोंगर. त्यो ढगात ग्येला की तुमचं गिऱ्हाईक खिडकीत बसून नखं खातंय. माज्या अंगनातनं गाडी काढली की अर्ध्या-अर्ध्या तासावर चार डोंगर हायेत. ज्यो हसतोय त्याच्याकडं जायाचं." आणि ते खरंच होतं. तीन दऱ्या तिच्या दारासमोर मिळत होत्या. गाडी घेऊन येणारी माणसं त्याचसाठी तिच्याकडं उतरायची, आणि त्यातली निम्मी तर बुर्गलच्या तोंडासाठी यायची. पहाटे ती एप्रनवरच बाहेर पडायची, लाकडाच्या ढिगावरचा बर्फ मुठीत दाबून बघायची, वारा हुंगायची, मग न्याहारीला एकेका टेबलापाशी जाऊन सांगायची: आज तुमी हिकडं, तुमी तिकडं. पंधरा-पंधरा वर्षं येणारे लोकही तिला विचारल्याशिवाय चावी फिरवत नसत.

आज सांगायला सोपं होतं. तीन दिवस बर्फ पडून पहाटे वारा दक्षिणेचा झाला होता, गालाला कोमट लागणारा. असा वारा सुटला की आतल्या रस्त्यावरची राखी नावाची घळ आपला बर्फ कधी रस्त्यावर ओतेल त्याचा नेम नसतो. म्हणून आज सगळ्यांना एकच: बाहेर.

त्या दरीत आत आणि बाहेर याचा घराशी काही संबंध नाही. नदी येते ती बाजू आत, नदी जाते ती बाजू बाहेर. बाजार बाहेर, डॉक्टर बाहेर, कुरणं आत. मेलेल्या माणसालाही 'बाहेर नेला' म्हणतात, कारण कबरी नदीच्या उताराला आहेत. रांगणाऱ्या पोराला हे कळतं. न कळणारा माणूस असतो हे बुर्गलच्या डोक्यात साठ वर्षांत आलं नव्हतं.

ती खिडकीजवळच्या टेबलाशी गेली. हिनर्कचा नकाशा तिथंच पडला होता, त्यावर कपाचा ओला गोल. रस्ता जिथं संपतो त्या हिंटरकार गावाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि शेजारी नीटस अक्षरात लिहिलेलं: 'अगदी बाहेरचं. बाईंचा सल्ला.'

तिला सकाळचं बोलणं आठवलं. हिनर्कनं विचारलं होतं, "म्हणजे अगदी बाहेरचं गाव का?" आणि तिनं चहाची किटली धरून, दुसऱ्या टेबलाकडं बघत ठणकावून सांगितलं होतं, "व्हय, अगदी बाहेरचं."

समुद्राकाठच्या सपाट मुलखातला माणूस तो. त्याच्या लेखी रस्ता जिथं संपतो, माणसं विरळ होतात, ते बाहेर. त्याला ती दरीच्या टोकाशी, सगळ्यात आत धाडून बसली होती.

"सेवेरीन," ती म्हणाली, "तुजं डोळं फुटल्यालं न्हाईत. माजं त्वांड फुटलंया."

सेवेरीननं नकाशा बघितला आणि एक कचकचीत शिवी दिली. "छपराच्या अलीकडं रुंद जागा हाय बघ. चाकास्नी साखळ्या लावायला थांबलं असत्याल."

"घळीच्या खाली."

"बरुबर खाली."

"चल मग. हुबा का?"

"माजा जोडीदार पुलावर फाटक धरून हाय. घळीखालनं एकट्यानं जायाचं न्हाई. एकानं रस्ता बगायचा, एकानं वर."

बुर्गलनं एप्रन न सोडता वर कोट चढवला. "वर मी बगती. माजा म्हातारा बारा वर्सं त्या गाडीवर हुता, मला शिकवू नगंस."

वाटेत सेवेरीननं वायरलेसवर सांगितलं, छपराजवळ माणसं आहेत, बर्फ मुद्दाम पाडायला वर सुरुंग लावणाऱ्यांनी हात लावू नये. पलीकडनं उत्तर आलं, "आमी हात लावत न्हाई. पन घळ आमचं ऐकती व्हय?"

बुर्गल काचेला गाल लावून वर बघत होती. घळीच्या माथ्यावर बर्फाचा ओठ पुढं आला होता. त्याच्या खाली एक बारीक काळी रेघ दिसत होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मागल्या वळणावर ती इतकी लांब नव्हती.

"फाटलंया," ती म्हणाली.

"किती?"

"तू चालीव."

वळण संपलं आणि निळी गाडी दिसली. रुंद जागेत, दिवे लुकलुकत. हिनर्क गुडघ्यावर बसला होता. साखळी चाकात अर्धी अडकली होती, अर्धी आसाला गुंडाळली होती. गाडी आता पुढं नाही, मागं नाही. त्याची बायको वीबके रस्त्याच्या कठड्याशी उभी राहून वरच्या शुभ्र उताराचा फोटो काढत होती.

छप्पर तिथून शंभर पावलांवर, आतल्या अंगाला. रस्त्यावर बांधलेलं काँक्रिटचं लांबलचक छप्पर. बर्फाची दरड आली तर त्याच्या डोक्यावरनं नदीत जाते.

बुर्गलनं धावत्या गाडीचं दार उघडलं आणि छातीतला होता नव्हता तो जीव गोळा करून ओरडली, "आत! आत पळा! आत!"

दोघांनी मान वर केली. हिनर्कनं हात हलवला, समजलं म्हणून. वीबकेनं फोन खिशात टाकला. आणि दोघंही शहाण्या माणसांसारखी आपल्या गाडीत जाऊन बसली. दारं लावून घेतली.

"ह्यांच्या आयला!" सेवेरीननं ब्रेक मारला.

बुर्गल उडी मारून उतरली. बर्फात एक गुडघा टेकला, उठली, निळ्या गाडीचं दार उपटावं तसं उघडलं. "उतरा! खाली उतरा!"

"पण तुम्हीच आत म्हणालात ना?" हिनर्क पट्टा लावत म्हणाला. "बाई, काय झालंय काय?"

तिच्या तोंडात पुन्हा तोच शब्द आला होता. तिनं तो गिळला. सांगायला दुसरा शब्द सापडेना, तेव्हा तिनं वीबकेच्या जाकिटाची कॉलर धरून तिला बाहेर ओढलं, छपराकडं तोंड करून उभी केली आणि पाठीत धपका घातला, गोठ्याकडं वासरू वळवावं तसा. "त्ये छप्पर दिसतंय? त्येच्याखाली! पळ!"

वीबके पळाली. हिनर्क बाजूच्या दारातनं उतरून मागल्या दाराकडं वळला. "आमचे स्की..."

"स्की घाल चुलीत!"

मग तोही पळाला. बुर्गल त्याच्या मागं. पायांत घरातले चामडी जोडे होते, ते घसरत होते. ती वर बघत नव्हती. वर बघायचं काम आता सेवेरीनवर होतं. तो गाडी तिच्या बगलेनं हळूहळू छपराकडं रेटत होता आणि खिडकीतनं डोकं काढून वर बघत होता. पन्नास पावलं राहिली. तीस. सेवेरीननं भोंगा दाबला आणि सोडलाच नाही.

आवाज आधी आला नाही. आधी वारा आला. त्यानं तिला शेवटची चार पावलं ढकलतच छपराखाली नेलं. मग डोक्यावर कुणी खडीचा ट्रक उलटावा तशी धडधड झाली आणि छपराच्या तोंडाला उजेड होता तिथं पांढरा पडदा पडला. तोंडात, नाकात बर्फाचं पीठ. सेवेरीनच्या गाडीचे दिवे पिवळे, अंधुक झाले.

मग थांबलं.

"हिनर्क?" वीबकेचा आवाज.

"इथेच आहे."

"सेवेरीन?" बुर्गल खोकत म्हणाली.

"हाय. शेपूट तेवडं बाहेर ऱ्हायलं गाडीचं." आणि मग, "आमचं 'बाहेर' न्हवं, त्यांचं 'बाहेर'."

हिनर्क भिंतीला टेकून खाली बसला होता. "तुम्ही सकाळी बाहेर म्हणालात," तो म्हणाला. "आम्ही बाहेर आलो. आत म्हणालात, आत बसलो. आम्ही तुमचं प्रत्येक अक्षर ऐकलं."

"व्हय," बुर्गल म्हणाली. "म्या म्हनलं. चूक माजी."



वरच्या सुरुंगवाल्यांनी घळीत काही उरलं नाही हे बघून घेतल्यावर रस्ता उकरायला अकरा वाजले. निळी गाडी कठड्याला रेलली होती, खिडक्यांपर्यंत पुरलेली, एक चाक कठड्याच्या पलीकडं. ज्या सीटवर वीबके बसली होती तिथं फुटल्या काचेतनं बर्फ ठासून भरला होता.

येताना सेवेरीन म्हणाला, "कितींदा सांगितलं तुला, पाव्हन्यांसंगं पुस्तकातलं बोलत जा."

"पुस्तकात आमची दरी हाय का?"

"न्हाई."

"मग?" असं म्हणाली खरी, पण घरापर्यंत ती गुडघाच चोळत होती.

घरी न्याहारीची टेबलं तशीच पडली होती. अंडी गार झाली होती. बुर्गलनं दोघांपुढं गरम सूप ठेवलं, पाव ठेवला. दोघं जेवली, आणि मग वीबकेनं घाबरत विचारलं, "बाई, ते गाव... तुम्ही सांगत होतात ते... नक्की कुठे होतं?"

बुर्गलनं तोंड उघडलं आणि मिटलं. वीबकेला दंडाला धरून ती अंगणात घेऊन गेली. तिच्या खांद्यावरनं हात लांब करून नदी जात होती त्या बाजूला बोट दाखवलं, आणि वीबकेची नजर बोटामागं जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.

"तिकडं," ती म्हणाली. "उद्या बी तिकडंच. माजा भाचा गाडीनं सोडंल."

वीबकेनं मान हलवली. बुर्गलनं तिच्याकडून एकदा बोट करून घेतलं. बरोबर होतं.

मग ती घरात आली. ओला एप्रन काढून चुलीवरच्या दांडीवर टाकला, कोरडा बांधला आणि संध्याकाळचे बटाटे सोलायला बसली.