दशक्रियेचा माइक

सायखेड्यात लग्न असो की दशक्रिया, माइकवाला तोच. तोंडातून ‘हॅलो, हॅलो’पलीकडे शब्द नाही; कार्यक्रम आटोपला की कोपराला वायर गुंडाळायची आणि निघायचं.

एका पुढाऱ्याच्या सभेत स्वागतकमान कोसळून आमच्या गल्लीतला रिक्षावाला गेला. घाटावर त्याच्या दशक्रियेला तोच पुढारी श्रद्धांजलीला उभा राहिला आणि अपघाताच्या दिवशी जाहीर केलेली, अजून न दिलेली मदत पुन्हा जाहीर करू लागला. वर टाळ्या! माझं डोकं फिरलं, पण मी मांडी घालून गप्पच बसलो.

तेवढ्यात माइक बंद पडला.

“अरे, आवाज दे!” पुढारी ओरडला.

माइकवाला कोपराला वायर गुंडाळत होता. “माइक कशाला साहेब? त्याची बायको तुमच्या समोरच बसली हाय. मदत द्या तिच्या हातात.”