भाऊजींनी पाळलेली पाल

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही पाठीमागे भिंगरी म्हणतो. तोंडावर अर्थात भाऊजी. ते उभ्याने जेवतात, फोनवर चालत चालत बोलतात आणि सिनेमाला नेलं तर मध्यंतराच्या आत दोनदा बाहेर जाऊन येतात. बूड म्हणून टेकत नाहीत. कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम, गेली बावीस वर्षं. आत उणे अठरा तापमान असतं, तिथे कुणीच निवांत बसू शकत नाही. म्हणूनच त्यांना ती नोकरी मानवली, असं माझं मत आहे.

घरी आले की बूट काढायच्या आधी ते लेकीच्या कपाळाला हात लावायचे. "अगं, हिचं अंग गरम लागतंय!" मग थर्मामीटर, मग डॉक्टर. डॉक्टर हसून परत पाठवायचे. पुढे पुढे ताईला त्या दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटायला लागली.

त्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, घरात मुंगी म्हणतात. ती हळू चालते, पण धरलेलं सोडत नाही. तिला दमा, त्यामुळे केसाळ प्राण्यांना घरात बंदी. आधी मासे आणले. भाऊजींनी दिवसातून तीन वेळा त्यांचं पाणी बदललं आणि आठवड्यात टाकी रिकामी झाली. मग टोमॅटोचं रोप लावलं. मूळ धरलं का ते बघायला भाऊजी एक दिवसाआड ते उपटायचे. त्या रोपाचं काय झालं ते सांगायला नको.

अकराव्या वाढदिवसाला मुंगी म्हणाली, "मला पाल पाळायचीय."

"लोक पाली घालवायला औषध मारतात," ताई म्हणाली, "आणि आमच्या घरात ती विकत यायचीय!" पण मुंगीने महिनाभर पिच्छा पुरवला. शेवटी ताईने भाऊजींकडे बघून सांगितलं, "आणा. पण ही गेली तर या घरात पुन्हा जिवंत काही येणार नाही. मला सारखं सारखं त्या पोरीचं रडणं बघवत नाही." मुंगीने मान डोलावली. 

ताईची ड्यूटी होती, म्हणून दुकानात त्या दोघांबरोबर मी गेले. खरं सांगायचं तर मला पालीची किळस येते. मी दाराशीच उभी राहिले.

दुकानवाल्या बाई साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, सावकाश बोलणाऱ्या. भाऊजी आत शिरताच या काचेच्या पेटीपासून त्या पेटीपर्यंत धावले. आधी त्यांना इग्वाना नावाचा हिरवा सरडा आवडला. "तो तुमच्या उंचीएवढा लांब होईल, खोली सोडाल का त्याच्यासाठी?" बाईंनी विचारलं. मग रंग बदलणारा सरडा दिसला. त्याचा एक डोळा वर, एक खाली, दोन्ही सतत फिरते. भाऊजी खूश. "हाच! बघा कसा चौकस आहे!"

"त्याला सारखं बघितलेलंसुद्धा सोसत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे चार दिवस टिकणार नाही तो." बाईंनी पाच मिनिटांत भाऊजींना ओळखलं होतं.

मुंगी एका कोपऱ्यातल्या काचेसमोर उकिडवी बसली होती. आत पिवळसर, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची एक पाल दगडाआडून तिच्याकडे बघत होती. पालीने डोळे मिटले, उघडले. "मावशी, हिला पापण्या आहेत!"

"लेपर्ड गेको," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा पाळणाऱ्यानं हीच घ्यावी. भिंतीवर चढत नाही, आवाज नाही, एक दिवसाआड चार किडे खाते. शेपटीत चरबी साठवते, ती तिची शिदोरी. फक्त दोन गोष्टी. एका बाजूला बत्तीस अंश ऊब हवी, त्याशिवाय तिला खाल्लेलं पचत नाही. आणि पहिले दहा दिवस हात लावायचा नाही. हा थर्मामीटर घ्या."

"तो राहू द्या," भाऊजी म्हणाले. "बावीस वर्षं तापमानाचंच काम करतोय. हात लावला की आकडा सांगतो मी."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि थर्मामीटर परत ठेवला. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

मुंगीने पालीचं नाव आजीबाई ठेवलं, कारण ती दिवसभर झोपायची आणि कातडी सुरकुतलेली. भाऊजींनी पेटीवर दिवा लावला आणि तो कमी-जास्त करायला स्वतः बटण बसवलं. कामावरून आले की बूट काढायच्या आधी पेटीत हात. "फार तापलंय!" की बटण खाली. मग पेटी खिडकीजवळ, मग कपाटावर, मग पुन्हा टेबलावर. आजीबाई खाईना. चौथा दिवस, सहावा दिवस. मुंगीने काचेवर कागद चिकटवला: बाबांनी हात लावू नये. ती शाळेतून धावत यायची, मेलेले किडे मोजायची आणि दप्तर न काढताच बसून राहायची.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच होते. भाऊजी खोलीत येरझारा घालत होते, हात नुसते शिवशिवत होते. "जिवंत आहे ना बघतो," म्हणाले आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी तिला उचललं. पाल सुटून पेटीत पडली. शेपटी त्यांच्या तळहातावर राहिली, आणि ती वळवळत होती. थांबेचना.  भाऊजी त्या वळवळीकडे बघत पुतळ्यासारखे उभे.

"तिची शिदोरी होती ती," मुंगी एवढंच म्हणाली. रडलीसुद्धा नाही. वडिलांकडे न बघता आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीला आणि डब्यात घातलेल्या आजीबाईला घेऊन दुकान गाठलं. भाऊजी कामावरून थेट तिथे आले. बाईंनी पाल बघितली, शेपटीची जागा बघितली. "ऊब किती ठेवलीत?"

"हात लावून बघतो की रोज. चांगली गरम असते."

बाईंनी एका रिकाम्या पेटीतला दगड दाखवला. "सांगा बरं किती?"

भाऊजींनी तळहात टेकवला. "पस्तीस. जास्तच असेल, कमी नाही."

बाईंनी थर्मामीटर ठेवला. तेवीस. भाऊजी म्हणाले, बिघडलाय. बाईंनी दुसरा ठेवला. तेवीसच. मग मुंगीने पुढे होऊन त्याच दगडावर हात ठेवला. "थंड आहे, बाबा."

"तुम्ही आत्ता कुठून आलात?" बाईंनी हळूच विचारलं.

भाऊजी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिले. दिवसभर बर्फात काम केलेल्या हाताला काय, सगळं जगच गरम लागणार! मला हसू यायला हवं होतं, कारण बावीस वर्षांची ती बढाई मी खूप ऐकली होती. पण त्यांचा चेहरा बघून माझेच डोळे भरून आले.

थर्मामीटर घेतला. दिवा वर केला. मुंगीने नियम घातला: बघायचं असेल तर हात मांडीखाली घालून बसायचं. आणि भाऊजी बसले! संध्याकाळी तास तास, चुळबुळ करत, पाय हलवत, पण बसले. पाचव्या संध्याकाळी आजीबाईने दगडाआडून डोकं काढलं, किड्याकडे टक लावून बघितलं आणि गट्टम केला. भाऊजींनी ओरडायला तोंड उघडलं आणि मुंगीकडे बघून मिटलं.

आता नवी शेपटी फुटलीये, आखूड, गुळगुळीत, मुळ्याच्या तुकड्यासारखी. ताई त्या पालीला चक्क नावाने हाक मारते.

परवा मी गेले तेव्हा मुंगी सर्दीने अंथरुणात होती. भाऊजी कामावरून आले, बूट काढले आणि तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. हात पाठीमागे धरलेले.

"थर्मामीटर कुठे ठेवलाय गं?" त्यांनी ताईला विचारलं.

मुंगीने त्यांना जवळ बोलावलं. त्यांचे दोन्ही हात आपल्या पांघरुणात ओढून घेतले आणि बराच वेळ चोळत बसली. भाऊजी खाटेच्या कडेला बसले, हलले नाहीत. मग तिने त्यांचा उजवा हात उचलून स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"आता सांगा, बाबा."

"ताप नाही," भाऊजी म्हणाले, आणि हात तिथेच ठेवून बसून राहिले.